गिव्ह, गेव्ह, गेला

पुतणी सातवीत आहे, इंग्रजी माध्यमात. एका रविवारी सकाळी ती वही घेऊन आली आणि म्हणाली, "काका, 'गिव्ह'चे अर्थ सांग ना."

मला फार बरं वाटलं. ज्या घरात 'रिमोट कुठंय' यापलीकडे मला कुणी काही विचारत नाही, त्या घरात अर्थ विचारणारं माणूस निघालं. शिवाय प्रश्नही आवाक्यातला. मी वर्तमानपत्र खाली न ठेवताच म्हणालो, "देणे."

"तो माहितीये. बाकीचे सांग."

"बाकीचे कुठले?"

तिनं वही माझ्या नाकासमोर धरली. गिव्ह अप, गिव्ह इन, गिव्ह आउट, गिव्ह ऑफ, गिव्ह अवे, गिव्ह ओव्हर, गिव्ह वे. प्रत्येकाचा अर्थ लिहून वाक्यात उपयोग करायचा होता. मी वरून खाली वाचलं, खालून वर वाचलं. सात वेळा 'गिव्ह' होतं आणि कुणी कुणाला धड काही देत होतं असं दिसेना. वर्तमानपत्र खाली ठेवावं लागलं.

अशा वेळी अब्रू राखायला माणूस शब्दकोशाकडे जातो. मी गेलो. कपाटाच्या वरच्या फळीवर मोल्सवर्थच्या कोशाच्या शेजारी माझा वीरकरांचा इंग्रजी-मराठी शब्दकोश असायचा. तिथं चार बोटांची फट होती आणि त्या फटीत पडल्यामुळे मोल्सवर्थसाहेब आडवे झाले होते.

"वीरकर कुठंय?" मी स्वयंपाकघराच्या दिशेनं ओरडलो.

"तुम्हीच दिलात ना कुणाला तरी," आतून उत्तर आलं.

त्या रविवारी हे क्रियापद माझ्या मानगुटीवर बसलं.

आमच्या वेळी इंग्रजी पाचवीत सुरू व्हायचं. महाराष्ट्रात ते पहिलीपासून आलं 2000 साली, तोवर आमचं शिक्षण आणि केस दोन्ही उरकले होते. साताऱ्याच्या शाळेत सर क्रियापदांची रूपं पाढ्यांच्या चालीवर म्हणून घ्यायचे. बे एके बे, बे दुणे चार, गो-वेंट-गॉन, गिव्ह-गेव्ह-गिव्हन. चाल इतकी पक्की होती की 'बारा नव्वे'नंतर एकदा मी 'टेकन' म्हणालो होतो. 'गिव्ह'चा अर्थ मात्र सरांनी प्रात्यक्षिकानं शिकवला. "गिव्ह मी युवर हँड," ते म्हणायचे. आपण हात द्यायचा. मग ते छडी द्यायचे. हे क्रियापद द्विकर्मक आहे, त्याला दोन कर्मं लागतात, हे त्यांनी फळ्यावर लिहून दाखवलं: 'सरांनी मला छडी दिली.' यात छडी हे प्रत्यक्ष कर्म आणि मी अप्रत्यक्ष. भोगायचं मात्र अप्रत्यक्षालाच होतं.

भाषांतराच्या तासाला एकदा वाक्य आलं, 'द ब्रिज गेव्ह वे.' मी आत्मविश्वासानं लिहिलं, 'पुलाने वाट दिली.' सरांनी वही वर्गापुढे वाचली आणि विचारलं, "अरे, पुलाचं कामच वाट देण्याचं. मग त्यात सांगायचं काय राहिलं?" मी म्हटलं, "सर, कृष्णेच्या पुरात वाट दिली असेल तर सांगायला हवं." त्यावर मला पुन्हा प्रत्यक्ष कर्म मिळालं. पूल कोसळला, असा त्याचा अर्थ होता. कोसळण्याला 'वाट देणे' म्हणणारी ही भाषा किती सभ्य, असं तेव्हा वाटलं होतं. पुढे रस्त्यांची आणि पुलांची कामं जवळून पाहिल्यावर ती नुसतीच नेमकी आहे, हे कळलं.

हेच 'गिव्ह वे' वाहतुकीच्या पाटीवरही असतं. ब्रिटिश पाटीवर चक्क तसं लिहिलेलं असतं: थांब, दुसऱ्याला जाऊ दे. अमेरिकेत त्याच जागी 'यील्ड' लिहितात. ती पाटी 1950 साली ओक्लाहोमातल्या टल्सा गावी क्लिंटन रिग्ज नावाच्या पोलिसानं पहिल्यांदा लावली. 'यील्ड' म्हणजे पीक देणे असाही अर्थ होतो, त्यामुळे आमच्याकडच्या एखाद्या शेतकऱ्याला ती पाटी सरकारी शेतसाऱ्याची वाटण्याची शक्यता आहे. आपल्याकडे लायसन्सच्या परीक्षेसाठी जो चिन्हांचा तक्ता पाठ करतात, त्यात याच अर्थाचा एक लाल काठाचा उलटा त्रिकोण असतो आणि त्याच्या आत काहीही लिहिलेलं नसतं. इतकी मोकळी जागा सोडल्यावर ज्यानं त्यानं आपल्याला सोयीचा अर्थ भरायचा, हे ओघानं आलंच. पुण्याच्या चौकात सगळे तो 'मला वाट द्या' असा वाचतात.

असो. पुतणीची वही. दोन तास डोकं लावल्यावर माझ्या ध्यानात आलं की 'गिव्ह' हा बिचारा नावाचाच मालक आहे. कारभार सगळा मागून आलेल्या त्या टिचभर शब्दांच्या हाती. 'अप' लागलं की नाद सोडला. 'इन' लागलं की हात टेकले. 'आउट' लागलं की वाटून टाकलं, नाहीतर इंजिन बंद पडलं, नाहीतर अंपायरनं बोट वर केलं. 'ऑफ' लागलं की वास आला. 'अवे' लागलं की एक तर बाप मांडवात मुलीला देऊन टाकतोय किंवा कुणी तरी गुपित फोडतंय, आणि काही लग्नांत दोन्ही एकदमच होतं. 'ओव्हर' लागलं की 'पुरे झालं' असं इंग्लंडमधला बाप पोराला दरडावतोय. आमचा चाळीतला अनुभव काही वेगळा नव्हता. घरमालक कुणी का असेना, नळ कधी सोडायचा हे चावीवालाच ठरवायचा.

यातल्या 'गिव्ह अप'नं तर 2015 साली मला चांगलंच गोंधळात टाकलं. सरकारनं स्वयंपाकाच्या गॅसवरचं अनुदान स्वेच्छेनं सोडण्याची मोहीम काढली आणि तिचं नाव ठेवलं 'गिव्ह इट अप'. वर्षभरात एक कोटीहून जास्त लोकांनी ते सोडलं. मी अर्ज भरत असताना अमेरिकेहून आलेला भाचा शेजारी बसला होता. तो म्हणाला, "मामा, आमच्याकडे स्टेजवरून 'गिव्ह इट अप' म्हणाले की लोक टाळ्या वाजवतात." मी अर्ज भरला आणि थोडा वेळ थांबलो. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. गॅसवाल्यानं सिलिंडर वर आणून देण्याचे तीस रुपये मात्र जास्त घेतले.

एकदा संशय आला की माणूस त्या शब्दाचं कूळ काढतो. लग्न ठरवताना आपण हे करतोच. मी 'गिव्ह'चं कूळ काढलं आणि थक्क झालो. हा शब्द ज्या रूपात आपण पाठ केला, ते रूप मुळी इंग्रजांचं नाही! जुन्या इंग्रजीत त्याची सुरुवात 'य'नं व्हायची. चौदाव्या शतकातला चॉसरसुद्धा 'यिव्ह'च्या वळणानं लिहितो. हा ठसठशीत 'ग' आला उत्तरेकडच्या दर्यावर्दी व्हायकिंगांकडून. त्यांच्या भाषेत 'गेफा' म्हणजे देणे. हे लोक 793 साली लिंडिसफार्नच्या मठावर पहिल्यांदा तुटून पडले, लुटून गेले, पुन्हा आले, आणि पुढे इंग्लंडच्या उत्तरेला व पूर्वेला बिऱ्हाडं करून राहिले. बरं, 'टेक'? तोही त्यांचाच, 'टाका' या शब्दावरून आलेला. इंग्रजांचा घेण्याचा स्वतःचा शब्द 'निमन' होता, तो कुठं गेला कुणाला ठाऊक. आणि 'दे' म्हणजे 'ते', हे सर्वनामही तिकडचंच. म्हणजे देणं परक्याचं, घेणं परक्याचं आणि देणारे-घेणारे 'ते'सुद्धा परक्याचे. ज्यांनी दीडशे वर्षं आपल्याला 'गिव्ह अँड टेक'चे धडे दिले, त्यांची ही शिदोरी उसनी होती, हे साताऱ्यात आम्हाला वेळेवर कळलं असतं तर छड्या निदान निम्म्या जोरानं लागल्या असत्या.

आता व्हायकिंगांनी इंग्रजांना शब्द दिला, तर इंग्रजांनी त्यांना काय दिलं? चांदी. 991 साली मॉल्डनची लढाई हरल्यावर 'परत जा' असं सांगण्यासाठी दहा हजार पौंड चांदी मोजली. चांदी घेऊन ते गेले आणि, कुणाही शहाण्या माणसानं केलं असतं तसं, आणखी न्यायला परत आले. 1018 साली क्नूट या व्हायकिंग राजानं ही रक्कम 72 हजार पौंडांवर नेली, लंडन शहराची साडेदहा हजारांची वर्गणी वेगळी. इतिहासात याला डेनगेल्ड म्हणतात. आपल्याकडे साधारण अशाच व्यवहाराला चौथाई म्हणत, आणि आम्ही घेणाऱ्या बाजूच्या गावचे असल्यामुळे मला त्यात वावगं काही दिसलं नाही.

याच घराण्यातली धाकटी पाती म्हणजे 'गिफ्ट'. हा शब्द हल्ली मराठीत इतका रुळलाय की 'भेटवस्तू' म्हटलं की समोरचा माणूस सरकारी समारंभाला आल्यासारखा ताठ बसतो. जुन्या इंग्रजीत याचा अर्थ होता, नवऱ्या मुलानं वधूसाठी मोजायची किंमत. आपल्याकडे याला 'देज' म्हणतात. उत्तरेला स्वीडनमध्ये हा शब्द आजही जिवंत आहे आणि त्याचे अर्थ दोन: एक 'विवाहित' आणि दुसरा 'विष'. एकाच शब्दाचे. स्वीडिश लोक अत्यंत मोजकं बोलतात असं म्हणतात, ते यावरून पटलं.

जर्मनांनी त्यातला लग्नाचा भाग वगळला आणि निव्वळ विष ठेवलं. जर्मन भाषेत 'गिफ्ट' म्हणजे विष. कारण विचाराल तर ग्रीक लोक औषधाच्या मात्रेला 'डोसिस' म्हणत, म्हणजे 'दिलेलं', देणे याच अर्थाचा शब्द. वैद्यानं 'दिलेलं' घेऊन रोगी बरा झाला तर तो डोस, न उठला तर ते गिफ्ट. पुण्यात मॅक्सम्युलर भवनात जर्मन शिकलेली मुलं घरोघरी आहेत. आमच्या सोसायटीतल्या अशाच एका मुलानं मला सांगितलं की जर्मनांना 'आहे' म्हणायचं असलं तरी ते 'देतं' म्हणतात. 'एस गिप्ट काफे' म्हणजे 'कॉफी आहे', पण शब्दशः 'ते कॉफी देतं'. कोण देतं ते विचारायचं नाही. मला ही रचना फार आवडली. आपल्याकडच्या कितीतरी दुकानांत माल असतो पण देत नाहीत. जर्मनीत तसं म्हणताच येत नसावं.

देण्याचा आणि लग्नाचा विषय निघालाच आहे तर 1961 चा हुंडा प्रतिबंधक कायदा आठवतो. तो देणारा आणि घेणारा दोघांनाही गुन्हेगार धरतो. त्यावर आपल्या वरपक्षानं जे वाक्य तयार केलं त्याला व्याकरणात तोड नाही: "आम्हाला काही नको हो, तुमच्या मुलीला तुम्ही काय द्यायचं ते द्या." देणं दोनदा येतं, घेणं एकदाही नाही. निम्मा कायदा या एका वाक्यात हवेत विरतो. राहिलेला निम्मा टेम्पोतून घरी येतो.

हे सगळं वाचत असताना माझं लक्ष मराठीकडे गेलं आणि मी वहीच्या मागच्या पानावर आपल्या 'देण्या'ची यादी करायला बसलो. पान संपलं. आपण काय वाटेल ते देतो. ढेकर देतो. जांभई देतो. सकाळी उठल्यावर आळस देतो, आणि गंमत म्हणजे तो देऊनही आपल्याकडे तेवढाच शिल्लक राहतो. मिशीला ताव देतो, दोरीला पीळ देतो, हातावर तुरी देतो, गुंगारा देतो, हूल देतो, दगा देतो, शब्द देतो, दिलेल्या शब्दाला बगल देतो. बसलेल्या गड्याच्या पाठीवर थाप मारून खो देतो. इंग्रज नोकरीवरून काढताना माणसाला 'सॅक' देतो. आपली हत्यारं पोत्यात भर आणि चालू लाग, असा त्याचा उगम सांगतात. आपण नारळ देतो. सॅक रिकामी असते. नारळाची निदान चटणी होते. शिवाय अर्धचंद्र देण्याची सोय आहेच: अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये समोरच्याची मान बसते, हाताचा आकार चंद्रकोरीसारखा दिसतो आणि माणूस दाराबाहेर. मानेला धरून हाकलण्याच्या क्रियेत ज्या समाजाला चंद्रकोर दिसते, त्याला कोण रुक्ष म्हणेल?

मारण्याच्या बाबतीत तर आपल्याला कर्मही लागत नाही. "दिली एक!" एवढंच म्हटलं की ऐकणाऱ्याचा हात आपोआप गालाकडे जातो. "ठेवून दिली" म्हटलं तरी तेच. काय ठेवली, कुठं ठेवली, सांगावं लागत नाही. द्विकर्मक क्रियापद दोन्ही कर्मं गिळून मोकळं होतं.

या सगळ्यांत माझं आवडतं देणं म्हणजे मिस्ड कॉल. "पोचलास की मिस्ड कॉल दे." देणाऱ्याचा पैसा जात नाही, घेणाऱ्याच्या हाती काही येत नाही, आणि व्यवहार पूर्ण होतो. इंग्रजांनी ही भाषा बनवली, पण 'मिस्ड कॉल'ला 'गिव्ह' लावून त्याची देणगी करणं आपल्या देशालाच सुचलं.

मग मला एक मोठाच शोध लागला. आपण लक्ष देतो. इंग्रज अटेन्शन 'पे' करतो. आपण भेट देतो. तो व्हिजिट 'पे' करतो. आपण मान देतो; त्याचे रिस्पेक्ट्ससुद्धा रोखीचे. म्हणजे तो जिथं जिथं पैसे मोजतो तिथं तिथं मराठी माणूस नुसतं देतो, फुकट. मराठी माणूस काही फुकट देतो ही बातमी मी बायकोला सांगितली. ती म्हणाली, "म्हणूनच तुमच्याकडे कुणाचं लक्ष नसतं."

परीक्षेच्या बाबतीत मात्र या फरकानं माझं नुकसान झालं. तिशीच्या आत एका कार्यालयात मुलाखतीला गेलो होतो. मी म्हणालो, "आय हॅव गिव्हन माय एम.ए. एक्झाम." समोरच्या तिघांतल्या एकानं चष्म्यावरून पाहत विचारलं, "गिव्हन टू हूम?" मी म्हणालो, "टू द युनिव्हर्सिटी, सर." तिघंही हसले. नोकरी मला 'गिव्हन' झाली नाही. इंग्रजीत परीक्षा विद्यार्थी 'टेक' करतो आणि शिक्षक 'गिव्ह' करतो; आपल्याकडे शिक्षक घेतो, विद्यार्थी देतो. मी या प्रश्नाचा त्यानंतर बराच विचार केला आहे आणि निर्णय मराठीच्या बाजूनं देतो. इंग्रजीला नुसती प्रश्नपत्रिका दिसते, जी पर्यवेक्षक आपल्या हातात ठेवतो. मराठीला सगळं दिसतं: फी कुणी दिली, झोप कुणी दिली, तीन तास कुणी दिले. त्या हॉलमध्ये विद्यार्थ्यानं घेतलेली एकमेव गोष्ट म्हणजे पुरवणी.

भूमितीतही असाच घोळ. पुतणी प्रमेय सोडवताना 'गिव्हन' लिहिते. आम्ही तिथं 'पक्ष' लिहायचो. पक्ष, साध्य, सिद्धता. तिच्याकडे माहिती दिलेली असते. आमच्याकडे पक्ष असायचा आणि काहीही करून त्याचंच खरं करायचं असायचं. पुढे महाराष्ट्राचं राजकारण समजायला मला ही भूमिती फार उपयोगी पडली. अर्थात त्या भूमितीत पक्ष निदान प्रमेय संपेपर्यंत बदलत नसे.

या क्रियापदाचा आमच्या घराण्यातला सर्वांत मोठा अपघात मात्र परदेशात झाला. आत्या सहा महिने लेकाकडे न्यू जर्सीला गेली होती. तिथं मराठी माणसं भरपूर, पण नेमकी शेजारीण निघाली अमेरिकन. दोघी बाकावर बसायच्या. शेजारणीनं विचारलं, मुलं किती? आत्याचं इंग्रजी जुन्या मॅट्रिकचं, खणखणीत. ती म्हणाली, "थ्री. सन इज हिअर. एल्डर डॉटर इज गिव्हन इन सोलापूर."

शेजारणीचा चेहरा पडला. तिनं हळू आवाजात विचारलं, धाकटी?

"शी इज ऑल्सो गिव्हन. बट निअरबाय, इन कराड," आत्या समाधानानं म्हणाली. "व्हेरी गुड पीपल. दे डिडन्ट टेक एनीथिंग."

त्या बाईनं आत्याचे दोन्ही हात हातात घेतले आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्या दिवशी ती केक घेऊन आली. आत्या अजून सांगते, अमेरिकेतली माणसं फार मायाळू, मुलीचं सासर चांगलं मिळालं म्हणून रडतात.

'गिव्ह'चा एक भारदस्त भाऊ आहे, 'डोनेट'. खरं तर हा आपला लांबचा नातेवाईक. संस्कृतातला 'दा' धातू, आपलं 'दान' आणि लॅटिनमधलं 'डोनुम' ही एकाच आजोबाची नातवंडं. 'डोनेशन' हा शब्द इंग्रजीत आधी होता, त्यावरून मागाहून अमेरिकेत 'डोनेट' हे क्रियापद पाडलं गेलं, म्हणजे मुलाच्या पोटी बाप जन्मला. महाराष्ट्रात आल्यावर या शब्दानं आणखी एक कोलांटी मारली. इथं डोनेशन 'घेतात'. 'डोनेशन दिलं' असं आपण म्हणतो तेव्हा ऐकणारा "किती दानशूर हो!" म्हणत नाही, "कुठल्या कॉलेजला?" असं विचारतो. विधिमंडळानं 1987 चा प्रवेशशुल्कविरोधी कायदा करून हे बंद केलं, म्हणजे पावती देणं बंद झालं.

देण्याच्या चर्चेत न देण्याचाही मान राखला पाहिजे. इंग्रजाला कशाची पर्वा नसली की तो 'डॅम' देत नाही. 1886 साली निघालेल्या 'हॉब्सन-जॉब्सन' या अँग्लो-इंडियन शब्दांच्या कोशानं असा तर्क लढवलाय की हा 'डॅम' म्हणजे आपला 'दाम', मोगलाईतलं तांब्याचं नाणं. ऑक्सफर्डच्या कोशवाल्यांना हे मान्य नाही. त्यांच्या मते ती साधी शिवी आहे. 'दोन पेन्सांचा डॅम' हा वाक्प्रचार तर ड्यूक ऑफ वेलिंग्टनच्या नावावर सांगतात. हा वेलिंग्टन म्हणजे 1803 साली जालन्याजवळच्या असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढलेला वेलस्ली. त्यानं तो दाम मराठवाड्यातच उचलला असावा, असं म्हणायचा मोह मला फार होतो. पुरावा काही नाही. पण आपणही दमडीची किंमत देत नाही, कवडी देत नाही, भीक घालत नाही; तेव्हा नाणं कुठलं का असेना, न देण्यात दोन्ही भाषा एकमेकींच्या तोडीस तोड आहेत.

आता माझ्या कोशाकडे येतो.

इंग्रजीत 'गिव्ह' वेगळं आणि 'लेन्ड' वेगळं. एक कायमचं, एक परत मिळण्याच्या बोलीवरचं. मराठीत आपण दोन्ही वेळा 'दिलं'च म्हणतो. 'उसनं' हा शब्द आहे, पण तो साखरेला आणि पैशाला. पुस्तक कुणी 'उसनं' मागत नाही. "जरा देता का?" एवढंच विचारतात. आपण देतो. नेमक्या त्या क्षणी कायमचं की परतीच्या बोलीवर हे बोललं जात नाही, आणि त्या एका न बोललेल्या शब्दावर महाराष्ट्रातली निम्मी घरगुती ग्रंथालयं उभी आहेत. उरलेली निम्मी त्यामुळेच मोडली. बायकांचा कारभार याहून चोख असतो. त्यांच्याकडे 'देण्याघेण्याच्या साड्या' असा वेगळा गठ्ठा असतो. तो नेसायचा नसतो, फिरवायचा असतो. आमच्या घरातून गेलेली एक मोरपंखी साडी तीन वर्षांनी, चार लग्नं आणि एक बारसं करून, घडीसुद्धा न मोडता सुखरूप परत आली. शब्दकोशाला काठपदर नसल्यामुळे असेल, तो परतत नाही.

बायकोच्या 'कुणाला तरी'वर भिस्त ठेवून मी आधी तिसऱ्या मजल्यावरच्या काकांकडे गेलो. ते आळस देत दारात आले.

"काका, माझा वीरकर तुमच्याकडे आहे का?"

"तुम्ही दिला होतात, हो."

"हो, वाचायला."

"शब्दकोश कुणी वाचतं का हो?" काका म्हणाले, आणि मुद्दा बिनतोड होता. "पाचव्या मजल्यावरच्यांच्या मेव्हण्याला बँकेची परीक्षा द्यायची होती. त्यांनी मागितला, मी देऊन टाकला."

'देऊन टाकला'. नुसता दिलाही नाही; दिला आणि वर टाकलाही. पाचव्या मजल्यावर गेलो. मेव्हणे परीक्षा पास होऊन नांदेडला रुजू झाले होते आणि जाताना त्यांनी कोश त्यांच्या एका मित्राला दिला होता. मित्र कोण, हे मेव्हण्यांना फोन करून विचारायला हवं होतं. मी मिस्ड कॉल दिला. त्यांचाही परत एक मिस्ड कॉल आला. तेव्हापासून आमची ही देवाणघेवाण चालू आहे.

तर हा कोश सध्या ज्यांच्याकडे असेल त्यांना विनंती. पुठ्ठा निळा आहे, पहिल्या पानावर माझं नाव आणि सातारा असं लिहिलेलं आहे, आणि 'जी' अक्षराची काही पानं शिवणीतून सुटलेली आहेत. ती हरवली असली तरी चालेल, त्यांचं काम आता राहिलेलं नाही. बाकीचा कोश मात्र परत द्या. पुतणीला पुढच्या आठवड्यात 'टेक' आहे. संध्याकाळी सातनंतर मी घरीच असतो.